सरदारी कांदा-लसूण

“कुटायला नऊ जणी, आन् फोटूला एकटीच राणी.”

हे इतक्या जवळून आलं की बोलणारीच्या तोंडातल्या मिश्रीचा वास मला आला. मी मागं वळले नाही. डोळ्याला कॅमेरा होता, आणि वळले असते तरी लीलाबाईंनी पदर तोंडाला लावून “मी कुठं काय म्हणाले बाई” एवढंच म्हटलं असतं.

समोर पोत्यावर अंजिराक्का बनसोडे बसल्या होत्या. दोन पायांमध्ये दगडी उखळ, हातात मुसळ, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. बोरगेवाडीच्या सावली बचत गटातल्या नऊ बायकांमध्ये त्या सगळ्यांत मोठ्या, पन्नाशीच्या. गटाचा कांदा-लसूण मसाला त्यांच्या प्रमाणानं व्हायचा. प्रमाण कुठं लिहिलेलं नव्हतं. धने कढईतून कधी काढायचे, हे त्या शेडच्या दुसऱ्या टोकाला बसून नुसत्या वासावर ओरडून सांगायच्या.

शेड म्हणजे शैलजावहिनी जगदाळ्यांची बंद पडलेली पोल्ट्री. वहिनी गटाच्या अध्यक्षा. कोंबड्या गेल्या, बायका आल्या. उखळही वहिनींच्याच गोठ्यातलं. गेली वीस वर्षं ते उपडं पडलं होतं आणि त्याच्यावर बसून म्हशीची धार काढत. मसाला खरा जायचा कराडच्या डंखावर, यंत्रानं कुटायला. पण डंखाचा फोटो कोण बघणार? म्हणून मी उखळ धुवून घेतलं होतं. ही लबाडी सगळ्यांच्या देखत केली, त्यामुळं तिचं मला आजही काही वाटत नाही.

“आक्का, जरा हसा की.”

“मिरची कुटताना कोण हसतंय व्हय, ताई? तुमी हसता काय?”

“मी कुटतच नाही.”

“मग बराबर हाय. न कुटणारीलाच हसू येतंय.”

सगळी शेड हसली. लीलाबाई सगळ्यांत मोठ्यानं. आणि आक्काही हसल्या. एक दात पडलेला, डोळे बारीक झालेले, मुसळ अर्ध्यावर. मी बटण दाबलं. इतका चांगला फोटो मी त्याआधी काढला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही.

तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते आणि स्वतःला नुकतीच डिझायनर म्हणवायला लागले होते. त्याआधी दहा वर्षं मी कराडच्या मार्केट यार्डाजवळची ‘डीटीपीवाली बाई’ होते. बारावीनंतर टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि नोकरी लागायच्या आत टाइपरायटरच गेले. मग कॉम्प्युटर. डिझाइनचं कोरल सॉफ्टवेअर शिकले ते एका इंग्रजी पुस्तकावरून, शेजारी डिक्शनरी उघडी ठेवून. लग्नपत्रिका केल्या, पतसंस्थांचे अहवाल केले, निवडणुकीची पत्रकं केली. घराण्यात मी पहिलीच सुतारीण, जिनं रंधा न धरता पोट भरलं. वडील म्हणायचे, “लाकूड नाही, रंग नाही, हिच्या दुकानात नक्की बनतं तरी काय?”

पण दिवस बदलत होते. पुण्यात मॉल निघाले होते. मी एकदा मुद्दाम जाऊन एका मॉलमध्ये तीन तास नुसते डबे वाचत उभी राहिले, तर सिक्युरिटीवाल्यानं येऊन विचारलं, “मॅडम, काही हरवलंय का?” मला सांगता येईना, की हरवलेलं नाही, सापडलंय.

त्याच सुमारास पुण्यातल्या एका कंपनीच्या निखिल नावाच्या मार्केटिंग मॅनेजरनं एका प्रदर्शनात सावली गटाचा मसाला चाखला आणि जागेवर तीन हजार डब्यांची ऑर्डर दिली. अट एकच, लेबल शोभेल असं पाहिजे. वहिनींना माझं नाव माहीत होतं, त्यांच्या दिराची लग्नपत्रिका मी केली होती. असं ते काम माझ्याकडं आलं.

आक्कांचं नाव आणि फोटो डब्यावर घालायची कल्पना माझी. आक्कांची नव्हे. हे सांगायलाच पाहिजे. त्या नकोच म्हणत होत्या.

“माझं कशाला? ‘सावली गट’ लिवा. समद्यांचं हाय.”

“आक्का, आता जग बदललंय. लोकांना गट नको, कंपनी नको. खरं माणूस पाहिजे. चव तुमची, प्रमाण तुमचं, मग नाव दुसऱ्या कुणाचं कसं?”

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मला वाटलं, बाई लाजतेय.

“नक्की घालणार?”

“नक्की म्हणजे काय! तुमचं नाव नसेल तर मी लेबलच करणार नाही.”

हे वाक्य मी आठजणींसमोर म्हटलं. लीलाबाई तेव्हाही काहीतरी पुटपुटल्या होत्या. आणि आक्कांनी हळूच विचारलं होतं, “मग एक डबा मला आधी मिळंल का? प्रज्ञा हाय न्हवं माझी, साताऱ्याला नर्सिंगला. तिच्या हॉस्टेलातल्या पोरींस्नी दावायला.”

फोटो काढल्यानंतर चार दिवसांनी निखिल माझ्या दुकानात आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, फार सभ्य मुलगा. दुकान असूनही त्यानं दारात बूट काढले. मी स्क्रीनवर लेबल उघडलं. गडद लाल रंग, मधोमध आक्कांचं ते हसू, वर सोनेरी अक्षरांत ‘अंजिरा बनसोडे यांचा कांदा-लसूण मसाला’.

“मॅडम, फोटो कमाल आहे. एकदम रिअल.”

“आक्का आहेतच तशा. कढईकडं न बघता सांगतात—”

“हो हो, दिसतंय ते.” मग त्यानं खुर्ची थोडी पुढं घेतली, परत मागं नेली. “फक्त ते नाव...”

“नाव?”

“म्हणजे, मला कळतंय, प्रॉडक्ट त्यांचंच आहे. मला पर्सनली काही प्रॉब्लेमच नाही. पण आमचा कस्टमर... मॅडम, कस्टमर एका डब्याला तीन सेकंद देतो. तीन. तेवढ्यात त्याला, कसं सांगू, भरवसा वाटला पाहिजे. खायची वस्तू आहे ना.”

वर पंखा फिरत होता. त्याला पुढचं वाक्य बोलायचं नव्हतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. आम्ही दोघंही आक्कांच्या पडलेल्या दाताकडं बघत बसलो. मी एवढंच विचारायचं होतं, ‘कशाचा भरवसा?’ दोन शब्द. त्यानं काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. कदाचित त्याला स्वतःचीच लाज वाटली असती. तसा तो मुलगा होता.

मी विचारलं, “नाव लांब होतंय का?”

त्याचा चेहरा इतका उजळला, की मला बरंच वाटलं. एखाद्याला अडचणीतून सोडवल्याचं समाधान.

“एक्झॅक्टली! लांब होतंय. थोडं शॉर्ट, थोडं रॉयल काहीतरी. गटाच्या अध्यक्ष कोण आहेत?”

“शैलजा जगदाळे.”

“जगदाळे! वा. ‘जगदाळे सरदारी’. बघा, लगेच एक घराणं उभं राहतं डोळ्यांसमोर.”

‘अंजिरा बनसोडे’ सात अक्षरं. ‘जगदाळे सरदारी’ आठ. अक्षरांवर पोट भरणाऱ्या बाईला मोजावं लागत नाही, नुसतं दिसतं. मला ते त्याच क्षणी दिसलं. आणि मी म्हणाले, “हो, हे बसेल.”

“आता चेहरा ठेवला तर नावाशी मॅच होणार नाही,” तो म्हणाला. “पण हात बघा मॅडम, हे हात. क्लासिक. हातच ठेवू.” उठताना पुढं म्हणाला, “आणि हे हिट झालं ना, तर आमची बाकीची चाळीस लेबलं तुमच्याकडंच. मी शब्द देतो. तुमचा हात चांगला आहे.”

तो गेल्यावर मी माउस धरला. आधी कपाळ गेलं, मग डोळे, मग ते हसू, मग गळा. मनगटापर्यंत येऊन थांबले. हसू कापताना कोरलमध्ये काही आवाज होत नाही. उरले दोन सावळे हात, हिरवा चुडा, मुसळावर घट्ट बोटं आणि डाव्या अंगठ्याचं चिरलेलं नख. दिसायला फार सुंदर होतं. हेच वाईट आहे. चांगलं डिझाइन आणि चांगली गोष्ट, दोन्ही एकच असतात असं मी त्या दिवसापर्यंत समजत होते.

त्या डब्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. डबा चालला. चाळीस लेबलं मला मिळाली, मग आणखी. आज पुण्यात माझं ऑफिस आहे, सहा मुली कामाला आहेत, आणि नवीन गिऱ्हाईक आलं की त्या माझ्या कामाची फाइल उघडतात, पहिल्या पानावर ते हात असतात. “किती अस्सल!” लोक म्हणतात. कॉलेजांत मला बोलावतात, बदलत्या काळातल्या करिअरच्या संधी या विषयावर. तिथंही पडद्यावर तेच हात. मसाला आता कंपनी स्वतःच्या कारखान्यात करते, कुठल्या प्रमाणानं ते मला माहीत नाही. आक्कांनी तीन हजार डब्यांची ऑर्डर पुरी करून दिली, एक डबा कमी नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या शेडवर आल्या नाहीत. त्यांना कुणी काढलं नव्हतं.

त्या का आल्या नाहीत, याला साक्षीला आम्ही नऊजणी होतो.

लेबलाचं बदललं तेव्हा मी आधी वहिनींना फोन केला. वहिनी पोट धरून हसल्या. “सरदारी? अहो हेमाताई, आमच्यात कुठला आलाय सरदार? मामंजी एसटीत कंडक्टर होते!” मग हसणं थांबलं. वहिनी वाईट बाई नव्हत्या. आक्कांना गटात घेताना दोघी बायका कुरकुरल्या तेव्हा “त्या नसतील तर शेडही मिळणार नाही” असं ठणकावणाऱ्या वहिनीच होत्या. त्यांनीच विचारलं,

“आक्कांचं नाव अजिबातच नाही का मग?”

“जागेचा प्रश्न आहे, वहिनी.”

“हं. असेल.” मग म्हणाल्या, “तुम्हीच सांगा हं त्यांना. तुम्हाला ते डिझाइनचं नीट समजावून सांगता येतं. आमच्या तोंडून बरं दिसत नाही.”

छापून आलेली लेबलं घेऊन मी बोरगेवाडीला गेले. दुपारची वेळ, शेडमध्ये भाजलेल्या खोबऱ्याचा वास. बायका रिकाम्या डब्यांच्या थप्प्या लावत होत्या. मी एक लेबल डब्याला चिकटवून मधोमध ठेवलं.

“आगं बया, दुकानातलं वाटतंय की!” लीलाबाई म्हणाल्या.

आक्कांनी हात पदराला पुसून डबा उचलला. त्यांना वाचायला यायचं, सावकाश, बोट ठेवून. बोट ‘जगदाळे’वरून गेलं, ‘सरदारी’वरून गेलं, आणि खाली येऊन थांबलं.

“हे माझं हात.”

“हो, आक्का.”

“बरं दिसत्यात.” त्यांनी डबा फिरवला, परत पुढं आणला. “नाव ऱ्हायलं वाटतं.”

रस्ताभर घोकलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. मॉलमधला कस्टमर, तीन सेकंद, लांब नाव, लहान डबा. बायका माना हलवत होत्या. मी चांगलं बोलते असं लोक म्हणतात.

“बरं,” आक्का म्हणाल्या. “मग बारीक लिवायचं. हितं खाली.”

“कंपनीचा नियम आहे आक्का, फार बारीक चालत नाही.”

“मग मागं लिवा.”

“मागं वजन येतं, तारीख येते, त्या काळ्या रेघा येतात.”

त्यांनी डबा मागून बघितला आणि एका मोकळ्या जागेवर अंगठा ठेवला. तेच ते चिरलेलं नख. “ही जागा हाय की.”

“ती... ती मोकळीच सोडावी लागते. नाहीतर गर्दी दिसते.”

“मग आडनाव काढा. निस्तं ‘अंजिरा’ लिवा.”

“मग लोकांना वाटेल, मसाल्यात अंजीर घातलंय.”

बायका हसल्या. मीही हसले. आक्काही थोडं हसल्या, आणि मला वाटलं, सुटले.

“आन् तोंड कशापायी काढलं?”

“लाल रंगावर, आक्का, ते छपाईत... सावळा चेहरा नीट उठत नाही.”

“हात उठलं की. हात काय गोरं हायत व्हय माझं?”

या वेळी कुणी हसलं नाही. लीलाबाईंनी डब्यांची थप्पी विनाकारण पाडली आणि परत लावायला घेतली. “बास कर की गं अंजिरे,” त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. “एवढ्या शिकल्या-सवरल्या ताई, त्या काय खोटं बोलत्यात व्हय?”

शैलजावहिनी उठल्या. “मी चहा टाकते सगळ्यांना.”

“वैनी, बसा,” आक्का म्हणाल्या. “चा मागनं घिऊ.”

वहिनी बसल्या. आक्कांनी डबा जमिनीवर ठेवला, लेबल माझ्याकडं करून.

“ताई, लांब हाय म्हणून न्हाई न्हवं?”

मी वाकून लेबलाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबला.

“मला रागवायचं न्हाई. प्रज्ञाला मी सांगून बसलीया, ती इचारंल. तिला मी काय सांगू? नाव लांब हाय म्हणू? ती शिकलेली पोर हाय, मोजंल.”

“आक्का, मी परत एकदा साहेबांशी—”

“न्हाई, न्हाई. साहेबाला कशाला. हितं बसलेल्या समद्यास्नी ठावं हाय. वैनीस्नी हाय, लीलीला हाय, मला तर तुमी पैल्यांदा नाव घालती म्हणलासा तवाच ठावं हुतं, म्हणून नगं म्हणत हुते. पर मी म्हणलं, की लोक म्हणत्यात आक्का भांडाण काढती. म्हणून मी न्हाई म्हणायची. जग बदललंय म्हणून तुमी सांगितलं, फोटू तुमी काढला, कापला बी तुमी. तवा तुमी म्हणा.”

“काय म्हणू?”

“हाय ते. एकदा म्हणा, मग लागू कामाला. चिकटवायचं हायत इतकं डबं.”

वहिनी मान खाली घालून बांगड्या मागंपुढं करत होत्या. लीलाबाईंचा हात थप्पीवरच होता. बाकीच्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि आक्का इतक्या शांतपणे बघत होत्या, जशा कढईतल्या धन्यांची वाट बघतात.

“नाव लांब नाही, आक्का,” मी म्हणाले. “जगदाळे सरदारी त्याहून एका अक्षरानं मोठं आहे. तुमच्या आडनावावरनं जात कळते. महारांच्या हातचं म्हणून लोक डबा उचलणार नाहीत, अशी त्या साहेबांना भीती होती. ती मलाही होती. त्यांनी नुसतं तोंड उघडलं होतं. नाव मी काढलं.”